'भाग', 'प्रकरण' की 'खंड'? जपानी क्रीडा-मांगातले काही शब्द

प्रश्न : 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलवरच्या मांगाचे (जपानी चित्रकथेचे) कुठे ३१ भाग सांगतात, कुठे २७६. खरं काय? आणि 'रेन्साइ'ला, म्हणजे कथा अंकाअंकातून येत राहण्याला, मराठीत काय म्हणावं?

उत्तर : आकडे दोन्ही खरे आहेत, घोळ 'भाग' या शब्दाचा आहे. ताकेहिको इनोउए यांची ही मालिका १९९० ते १९९६ 'शोनेन जंप' या साप्ताहिकात येत होती. दर अंकात वीसेक पानं. तेवढ्या मजकुराला जपानीत 'वा' म्हणतात. आठ-दहा 'वा' साठले की त्यांचं लहान आकाराचं पुस्तक निघतं, ते 'तान्कोबोन'. साप्ताहिक हलक्या कागदावरचं, वाचून रद्दीत जाणारं; जपून ठेवतात ते तान्कोबोन. तेव्हा प्रकरणं २७६ आणि खंड ३१ म्हणावं, 'भाग' टाळावा.

'रेन्साइ'साठी 'धारावाहिक' मला पटत नाही, लगेच टीव्ही डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे ह. ना. आपट्यांच्या 'करमणूक'पासून कादंबऱ्या 'क्रमशः' येत आल्या आहेत. 'क्रमशः प्रकाशन' सरळ आणि नेमकं आहे.

'उचिकिरी'ला मात्र 'मालिका बंद पडली' म्हणू नये. बंद पडणं आपोआप होतं, इथे संपादक ती बंद करतात. 'जंप'मध्ये वाचक आवडत्या तीन मालिका पोस्टकार्डावर कळवत. कौल सतत कमी पडला की दहा-वीस प्रकरणांतच गाशा गुंडाळावा लागे. 'मालिका गुंडाळली' हेच योग्य. या टांगत्या तलवारीखाली काम करूनही इनोउए शेवटच्या सामन्याच्या अखेरच्या क्षणांत संवाद काढूनच टाकतात. पानामागून पान फक्त चेंडू, हात, चेहरे. आठवडाभर थांबून ते वाचणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

आणखी एक प्रश्न : 'स्पोकोन' म्हणजे?

उत्तर : 'स्पोर्ट्स' आणि 'कोन्जो' (सोसून टिकून राहण्याची वृत्ती) यांचा जोडशब्द; अशा क्रीडाकथांच्या प्रकाराचं नाव. १९६६ साली 'शोनेन मॅगझिन'मध्ये सुरू झालेली बेसबॉलची 'क्योजिन नो होशी' हा या प्रकाराचा नमुना. बाप पोराला स्प्रिंगांचा साज अंगावर चढवून सराव करायला लावतो. याच कथेवरून २०१२ साली मुंबईतल्या क्रिकेटपटू पोराची 'सूरज : द रायझिंग स्टार' ही ॲनिमेशन मालिका आपल्याकडे टीव्हीवर आली, तिथे स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब होत्या.

'कोन्जो'ला 'जिद्द' लिहितात. पण जिद्दीत जिंकायची ईर्षा जास्त आणि सोसणं कमी. कोन्जोत मार खाऊन, घाम गाळून टिकून राहणं मुख्य. आपल्या क्रीडापानांवर दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडणाऱ्या फलंदाजाला 'चिवट' म्हणतात. मी 'चिवटपणा'च लिहीन.