शुल्क शून्य आहे, तरी ब्रेक्झिटनंतर आयर्लंडचा शेतमाल अडतो कुठे?

मळणी:
1 जानेवारी 2021 पासून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात जो व्यापार करार लागू आहे, त्यात शुल्कही नाही आणि कोटाही नाही. तरी आयर्लंडचे दूध उत्पादक आणि बीफवाले आजही ब्रेक्झिटचं नाव काढतात. करार झाला नसता तर फटका किती बसला असता, आणि करार होऊनही नेमकं काय उरलं? आकड्यांसकट कुणी सांगेल का?

दूधगंगा:
चेडरपासून सुरुवात करा, म्हणजे भीती कशाची होती ते कळेल. करार नसता तर चीजवर पूर्ण शुल्क लागलं असतं. युरोपीय संघाचा चेडरवरचा दर 100 किलोला 167.1 युरो आहे आणि ब्रिटनने स्वतःचा दरही त्याच अंगाने ठरवला होता. एक किलो चेडरला साधारण 10 लिटर दूध लागतं. म्हणजे लिटरमागे जवळजवळ 17 सेंट नुसतं शुल्क. त्या काळात शेतकऱ्याच्या हातात लिटरला 30 ते 35 सेंट पडत होते. निम्मा भाव तिथेच गेला असता.

दुसरीकडे विकावं म्हटलं तर चेडरचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ब्रिटनच. जर्मनी-फ्रान्समध्ये ते फारसं खपत नाही. आणि चेडरच्या कारखान्यात उद्यापासून दुसरं चीज काढू, असं होत नाही. चेडरचा चोथा दळून, मीठ लावून दाबतात. भोकांचं चीज मिठाच्या पाण्यात मुरवावं लागतं, मग उबदार खोलीत ठेवावं लागतं. हौद वेगळे, खोल्या वेगळ्या. डेअरीगोल्डने नॉर्वेच्या टीनेबरोबर कॉर्क परगण्यात मोगीली इथे यार्ल्सबर्ग या भोकांच्या नॉर्वेजियन चीजचा कारखाना उभा केला, तो अशा वेगळ्या वाटेचाच. पण त्याला वर्षं लागतात आणि भांडवलही.

खोंड:
बीफचं गणित याहून वाईट होतं. युरोपीय संघाच्या दराने अख्ख्या धडावर 12.8 टक्के अधिक 100 किलोला 176.8 युरो. किलोला 4 युरो भाव धरा: 51 सेंट अधिक 1 युरो 77 सेंट, म्हणजे 2 युरो 28 सेंट. 57 टक्के!

इथे एक गोष्ट सुटते. जनावर अख्खं विकावं लागतं. महागडे स्टेकचे तुकडे युरोपात कुठेही जातील, पण खिमा आणि पुढच्या भागाचं मांस घेणारा मोठा ग्राहक ब्रिटिश सुपरमार्केट आहे. त्यांच्या अटीही पक्क्या: जनावर 30 महिन्यांच्या आतलं, गुणवत्ता योजनेतल्या गोठ्यातलं, शेवटच्या गोठ्यात ठरावीक दिवस राहिलेलं. शेतकऱ्याने पैदास आणि खुराक त्या अटींवर बेतलेला असतो. ते गिऱ्हाईक गेलं तर खिमा पडून राहतो आणि पूर्ण धडाचा भाव उतरतो.

बंदरकाठ:
हे झालं टळलेल्या संकटाचं. उरलेलं सांगतो. शुल्क शून्य आहे ते *मूळ सिद्ध केलं तरच*. 6,000 युरोपर्यंतच्या मालावर कुठलाही निर्यातदार बीजकावर मूळाचं निवेदन लिहू शकतो. त्यापुढे रेक्स क्रमांक, म्हणजे नोंदणीकृत निर्यातदाराचा क्रमांक लागतो. तो नसेल तर ब्रिटनमधल्या खरेदीदाराला त्या निवेदनावर सवलत मागता येत नाही; मूळाचा पुरावा स्वतःकडे नसेल तर तो पूर्ण शुल्क भरतो.

मग गाडी. प्रत्येक मालाची सीमाशुल्क घोषणा आधी, आयर्लंडच्या बाजूला पीबीएन (बोटीवर चढण्याआधीची नोंद), ब्रिटनच्या बाजूला जीव्हीएमएसचा (मालगाड्यांच्या नोंदणी यंत्रणेचा) क्रमांक. तो नसला तर डब्लिनला ट्रक बोटीवर चढत नाही. एका मालकाचा भरलेला ट्रक असेल तर हे जमून जातं. हाल होतात ते मिसळ मालाचे: 20 पॅलेट 12 जणांचे आणि त्यातल्या एकाचा कोड चुकला, तर बाकी अकरा जणांचा थंड मालही तिथेच उभा. लहान चीजवाल्यांनी ब्रिटनची छोटी गिऱ्हाइकं सोडावीत इतका हा खर्च बोचतो. मला यात सगळ्यात वाईट हेच वाटतं.

फ्रान्सला जाणाऱ्यांनी मात्र वाट बदलली. पूर्वी डब्लिन-होलीहेड-डोव्हर-कॅले असं साधारण 20 तासांत व्हायचं. आता रॉसलेअरहून शेरबुर्ग किंवा डंकर्कला थेट बोट आहे; डंकर्कला 24 तासांच्या आसपास लागतात, पण मधे घोषणा नाही आणि माल संघाच्या बाहेर जात नाही. व्हॅक्यूममधल्या मांसाला चार तास जास्त लागल्याने काही बिघडत नाही.

मळणी:
मूळ म्हणजे आयर्लंडात तयार झालं एवढं पुरत नाही का?

दूधगंगा:
नाही, आणि इथेच लोक फसतात. ब्रेडचं कडक पीठ घ्या. आयरिश बेकऱ्या ते बरंचसं ब्रिटिश गिरण्यांकडून घेतात. प्रथिनं वाढवायला त्यात कॅनडा-अमेरिकेचा गहू मिसळतात. तो वजनाने 15 टक्क्यांच्या वर गेला की पीठ ब्रिटिश मूळाचं राहत नाही आणि आयर्लंडात शिरताना टनाला 172 युरो लागतात. 25 किलोच्या पोत्यामागे 4 युरो 30 सेंट. पावाचा भाव तिथे बदलतो.

दूध त्याहून नाजूक. उत्तर आयर्लंडच्या दुधापैकी सुमारे एक तृतीयांश दूध टँकरने दक्षिणेला प्रक्रियेला येतं. सीमेवर टँकर अडत नाही, कारण उत्तरेत मालापुरते युरोपीय नियम चालतात. पण कायद्याने ते दूध ब्रिटनचं. ब्रिटनला पाठवलेल्या चीजला याचा त्रास नाही, करारात दोघांचा कच्चा माल एकत्र धरता येतो. जपानसारख्या देशाला पाठवायचं असेल तर तेच मिसळलेलं लोणी किंवा पावडर युरोपीय मूळाची ठरत नाही. म्हणून कारखान्याला उत्तरेचं दूध वेगळ्या सायलोत ठेवून त्याची नोंद ठेवावी लागते.

खोंड:
मश्रूम विसरू नका. तिथे कागदाआधी चलनाने मारलं. आयरिश मश्रूमचा बहुतेक सगळा बाजार ब्रिटनमध्ये, करार पौंडात, फायदा अगदी थोडा, आणि तोडल्यापासून दोन दिवसांत दुकानात जायला हवं. जून 2016 च्या मतदानाआधी पौंडाला साधारण 1.30 युरो मिळत, ऑक्टोबरपर्यंत 1.11 च्या आसपास आले. एक पौंड किमतीच्या डब्यामागे 19 सेंट गेले. ब्रिटन संघात असतानाच काही मश्रूम कंपन्या बंद पडल्या.

बंदरकाठ:
एक भर: 19 मे 2025 च्या लंडन बैठकीत दोन्ही बाजूंनी अन्न आणि पशुआरोग्याचे नियम जुळवायचा करार करायचं ठरवलं. तो झाला तर मांस-दुधाच्या मालाला आज लागणारा पशुवैद्यकाचा दाखला आणि तपासणी सुटेल. सीमाशुल्क घोषणा, जीव्हीएमएस आणि मूळाचं निवेदन राहणारच. मळणी, खर्च मांडताना हे दोन रकाने वेगळे ठेवा.