मदत हवी आहे : पेठांमधला एक दिवस, आईचे गुडघे सांभाळून

मंडळी, नागपूरहून आई आणि १० वर्षांचा भाचा येत आहेत. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय आणि मंडई-तुळशीबाग एकाच दिवसात दाखवायचं आहे. १७३२चा वाडा, १८२८च्या आगीनंतर उरलेले त्याचे जोते, मग संग्रहालयात कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल, आणि बाहेर पडलं की भाजीचा गलका! हा फरक भाच्याला अनुभवता यावा असं मनापासून वाटतं.

गेल्या रविवारी मी एकटीने चाचणी केली. गाडी नेली, पार्किंग शोधण्यातच तास गेला. म्हणून आता मेट्रोनेच जाणार : कसबा पेठला उतरून मंडईहून परत. वाडा सकाळी, उन्हाआधी. रिक्षा चालेल.

आईला सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही, जिने तर फारच जड जातात. जेवण साधं, बसायला खुर्ची हवी; भारतीय बैठक नको.

तर, संग्रहालयात वरच्या मजल्यांसाठी लिफ्ट आहे का? नसेल तर तळमजल्यावर पाहण्यासारखं किती आहे? आणि दुपारी दोन तास आईला निवांत बसता येईल अशी जागा जवळपास कुठे?