चेहऱ्याची काळजी आणि मेकअप : सुरुवात कशाने करावी?

प्रश्न (दर्यापूर तालुका)

नमस्कार. माझे वय २३ वर्षे आहे. आजवर तोंडाला अंगाचा साबण आणि सणावारी पावडर याखेरीज काहीही लावलेले नाही. पुढच्या महिन्यापासून अकोल्यातील एका शाळेत शिकवायला जाणार आहे, शिवाय तुळशीचे लग्न लागले की मावसबहिणीचे लग्न आहे, त्यामुळे थोडे नीटनेटके दिसावे असे मनापासून वाटते. आमच्याकडच्या खाऱ्या पाण्याने तोंड धुतले की कातडी ओढल्यासारखी होते, कपाळावर पुटकुळ्या येतात, आणि दोन हंगाम वावरात कापूस वेचल्याने गाल व नाक काळवंडले आहे. वहिनींनी कटलरीच्या दुकानातून आणलेले, आठ दिवसांत गोरेपणा येतो असे सांगून विकलेले क्रीम मला देऊ केले आहे. महिन्याला ५०० ते ६०० रुपयांपेक्षा अधिक खर्च झेपणार नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (अमरावती, ब्युटी पार्लरचे काम)

ताई, पहिले दोन महिने तीनच वस्तू पुरेशा आहेत : सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील पाण्यात क्षार जास्त असल्याने साबणाचा फेस होत नाही आणि त्याचा चिकट थर कातडीवर बसतो. तुम्हाला जाणवणारी ओढ बऱ्याच अंशी त्याचीच आहे. साबणविरहित फेसवॉशचा असा थर बसत नाही. शक्य असल्यास शेवटचा तांब्या पिण्यासाठी आणलेल्या आरओच्या पाण्याचा घ्यावा, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती फेसवॉशमध्ये करा, सनस्क्रीनमध्ये करू नका. किमान एसपीएफ ३० (कातडी भाजणाऱ्या किरणांपासून संरक्षणाचा आकडा) आणि पीए+++ (काळवंडवणाऱ्या किरणांपासून संरक्षणाची खूण) असे लिहिलेले घ्यावे. चेहरा व मान मिळून दोन बोटांवर काढलेल्या रेघांइतके, म्हणजे सुमारे १ ग्रॅम, बाहेर पडण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे आधी लावावे. दिवसातून एकदा लावल्यास ५० ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिना पुरते. वावरात दिवसभर राहायचे असेल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते, म्हणून ती लवकर संपते. दुपट्टा बांधणे सोडू नका, कारण आपल्याकडच्या उन्हात सनस्क्रीनच्या जोडीला कापडही लागतेच. लिंबू आणि खाण्याचा सोडा मात्र चेहऱ्याला लावू नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्याने भाजल्यासारखे डाग पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

मेकअपसाठी काजळ, एक लिपस्टिक आणि कॉम्पॅक्ट (डबीतील दाबलेली पावडर) यांपासून सुरुवात करावी. कॉम्पॅक्टची छटा मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेला लावून, दुकानाबाहेर उजेडात येऊन पाहावी, कारण ट्यूबलाइटखाली निवडलेली छटा मांडवात हमखास पांढुरकी दिसते. कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी, आणि लग्नाच्या दिवशी प्रथमच काही वापरू नये. रात्री मेकअप काढूनच झोपावे. काजळ मैत्रिणींमध्ये वाटून वापरू नये.

उत्तर २ (अकोट, मेडिकल दुकान)

वरील सल्ला उत्तम आहे. मी केवळ वहिनींच्या क्रीमविषयी लिहितो, कारण ती मला सर्वांत गंभीर बाब वाटते. कृपया ते वापरू नका. झटपट उजळपणा देणाऱ्या अशा क्रीममध्ये बहुधा दोनांपैकी एक गोष्ट आढळते. पहिली म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे स्टेरॉइड. त्याने सुरुवातीला चेहरा उजळतो, परंतु पुढे कातडी पातळ होते, पुटकुळ्या व लव वाढते, आणि क्रीम थांबवले की आग होऊन चेहरा लाल होतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. अशी अनेक स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तरीही ती सर्रास मागितली जातात आणि त्यांना नकार देताना मला रोज वाद घालावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पारा. तो कातडीतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, परंतु शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. आपल्या अकोल्यातीलच एका कुटुंबातील तीन स्त्रियांना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले होते. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली डबी हाती घेऊच नये. वहिनींनी ते बराच काळ लावले असेल आणि पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल, तर विलंब न करता तपासणी करावी.

आणखी एक सांगतो. उन्हाने काळवंडलेला भाग ऊन टाळल्यास काही आठवड्यांत पुष्कळसा निवळतो. गालांवर वांग असेल तर मात्र तो क्रीम बदलत राहून जात नाही, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच लागतात. आपला जन्मतः असलेला रंग हा दोष नाही, त्यामुळे त्यावर औषध शोधण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आज डबी नीट पाहिली. तिच्यावर उत्पादकाचे नाव किंवा पत्ता काहीच नाही. वहिनी ते चार महिन्यांपासून लावत आहेत आणि आठवडाभरापासून त्यांचे पाय संध्याकाळी सुजतात, हे मला आजवर उन्हामुळे होत असावे असे वाटत होते. सोमवारी सकाळी त्यांना अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात घेऊन जाणार आहे आणि डबीही सोबत नेणार आहे. फेसवॉश व सनस्क्रीन त्याच फेरीत घेईन.