मदत हवी आहे: पेट्रोल एसयूव्ही की इलेक्ट्रिक? खर्चाचा हिशोब जुळत नाहीये

मंडळी, गाडी बदलायची आहे आणि घरात एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारतोय.

सध्या जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिन ठणठणीत, पण आईच्या गुडघ्यांना ती आता झेपत नाही. आधी ती सीटवर आडवी टेकते, मग दाराच्या वरच्या कडेला धरून एकेक पाय हाताने उचलून आत घेते. उतरताना तर मलाच दोन्ही हात धरून उठवावं लागतं. त्यामुळे उंच गाडी हवी, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पुढे फाटे फुटतात. बायको म्हणते सरळ इलेक्ट्रिक घेऊ. भाऊ म्हणतो मोठी पेट्रोल एसयूव्ही घे, दहा वर्षं बघायला नको.

रोजचं जाणं-येणं चाळीसेक किलोमीटर. लांबचा प्रवास क्वचित. पार्किंगची जागा ठरलेली आहे, पण तिथे चार्जिंग पॉइंट नाही.

विक्रेते फक्त ‘किलोमीटरला किती पैसे’ एवढंच सांगतात. त्यात इलेक्ट्रिक स्वस्त पडते हे कळतं. पण सुरुवातीची जास्त किंमत, विमा, टायर, कर्जाचं व्याज आणि पुढे विकताना हातात येणारी रक्कम, हे सगळं धरून कोणी हिशोब मांडलाय का? बॅटरीची धास्ती कितपत खरी? ‘अमुकच घ्या’ यापेक्षा का घ्या ते सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

प्रतिसाद १

आधी चार्जिंगचं बघा, मग गाडीचं. रात्री आपल्या जागेवर चार्ज होत असेल तर इलेक्ट्रिकसारखं सुख नाही. बाहेरच्या फास्ट चार्जरवरच सगळी भिस्त असेल तर बचत बरीचशी तिथेच जाते, कारण तिथला युनिटचा दर सहसा घरच्यापेक्षा बराच जास्त असतो. तुमच्या चाळीस किलोमीटरला साधारण 6 ते 8 युनिट लागतील. 3 किलोवॅटच्या साध्या सॉकेटवर ते अडीच-तीन तासांत भरून निघतात, त्यामुळे 7 किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा वेगळा चार्जर) हवाच असं नाही. वायरिंग आणि अर्थिंग मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तासन्‌तास पूर्ण लोड ओढला की हलका सॉकेट तापून वितळतो.

बॅटरीला बऱ्याच कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात, पण क्षमता किती टक्क्यांखाली गेली की ती लागू होते (बहुतेक ठिकाणी 70) ते कागदावर वाचा. बॅटरीचे मुख्य प्रकार दोन, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). एलएफपी बॅटरी 100 टक्के चार्ज केलेली चालते. एनएमसी असेल तर रोज 80 पर्यंतच ठेवा.

रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याबद्दल, एक सांगतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 80 वरून 110 वर गेलात की तो जवळपास दुप्पट. ब्रोशरमधली रेंज हायवेवर दिसत नाही ती म्हणून.

प्रतिसाद २

दादा, मी आईंच्या गुडघ्यांवरून लिहितेय. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ जमिनीपासून किती वर) बघू नका, सीटची उंची बघा. सीट बसणाऱ्याच्या मांडीच्या वरच्या भागाला आली की नुसतं टेकून वळता येतं. मोठ्या एसयूव्हीत उलट वर चढावं लागतं, आणि दुखऱ्या गुडघ्याला ते वाकण्याइतकंच जड. शिवाय इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी तळाशी असते. त्यामुळे काही गाड्यांत मागचा फ्लोअर उंच येतो, गुडघे वर जातात आणि मांडीला आधार राहत नाही. टेस्ट ड्राइव्हला आईंना घेऊन जा आणि चांगला अर्धा तास मागे बसवा. गाडी त्यांच्यासाठी बदलताय, तर त्यांचा शब्द शेवटचा असू दे.

खर्चाचं म्हणाल तर बहुतेक नव्या गाड्यांत पहिल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा खर्च घसाऱ्याचा असतो, इंधनाचा नाही. खरेदीची किंमत वजा विकताना मिळणारी रक्कम, त्यात व्याज, विमा, टायर, सर्व्हिस आणि वीज किंवा पेट्रोल मिळवा, एकूण किलोमीटरने भागा. दोन्ही गाड्या एकाच कागदावर मांडा. बॅटऱ्या स्वस्त होत गेल्यात आणि नव्या मॉडेलची रेंज वाढत गेलीय, त्याने जुन्या इलेक्ट्रिकचा भाव उतरतो, म्हणून तिची पुनर्विक्री मुद्दाम कमी धरा. वजनामुळे टायरही लवकर झिजतात. उलट ऑइल, क्लच, स्पार्क प्लग यांचा खर्च नाही, आणि रीजनमुळे (वेग कमी करताना मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी थोडी भरते) ब्रेक पॅड खूप टिकतात. एवढं धरूनही आकडा जुळला तर निर्धास्त घ्या.

भावाला एवढंच सांगा, मोठी एसयूव्ही जड असते आणि समोरून रुंदही, त्यामुळे पेट्रोल रोजच जास्त पिणार.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सीटच्या उंचीचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. पार्किंगमध्ये वायर टाकायची परवानगी उद्याच मागतो. आता आणखी एक शंका. घसारा इतका असेल तर दोन-तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक का घेऊ नये? त्यात काय तपासायचं?

प्रतिसाद १

जरूर बघा, तुमच्यासाठी कदाचित तेच सगळ्यात परवडेल. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा एसओएच रिपोर्ट (मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली ते) काढून घ्या, विकणाऱ्याच्या मोबाइलमधला स्क्रीनशॉट नको. राहिलेली वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का ते लेखी घ्या. गाडी जॅकवर चढवून खालच्या बॅटरी केसिंगला ठोकर किंवा ओरखडा आहे का पाहा. आणि शक्य झालं तर एकदा फास्ट चार्जरला लावून बघा.