बर्नी जिंकलाच नसता? मॅकगव्हर्नचं भूत आता पुरे

डेट्रॉइटचा_नाना
काल सिन्नरकरांनी एका ओळीत निकाल लावला: "बर्नी सँडर्ससारख्या डाव्या, पक्षाबाहेरच्या माणसाला डेमोक्रॅट उमेदवारी देणार नाहीत, आणि दिलीच तर त्याचा मॅकगव्हर्न होईल." वर एक हसरा चेहरा. हे वाक्य दर निवडणुकीत ऐकतोय, आज उत्तर देतोच.

१९७२ ला डेमोक्रॅटांचा डावा उमेदवार मॅकगव्हर्न, त्याच्या पदरात मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन एवढंच पडलं, मान्य. पण समोर खुर्चीतला निक्सन होता, नुकताच चीनला जाऊन आलेला. शिवाय मॅकगव्हर्नला स्वतःचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार तीन आठवड्यांच्या आत बदलावा लागला. यातलं बर्नीला काय लागू होतं? २०१६ ला ट्रंपने मिशिगन ११ हजारांपेक्षाही कमी मतांनी काढलं. त्याच मिशिगनात आणि शेजारच्या विस्कॉन्सिनात, पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या मतदानात, बर्नीने हिलरीला हरवलं होतं. आमच्या प्लांटमधले काही जण आधी बर्नीकडे होते, नोव्हेंबरात ट्रंपकडे गेले. डबा खाताना उघड सांगायचे.

आणि बाहेरचा माणूस पक्ष काबीज करू शकत नाही, तर ट्रंप कोण होता? साउथ कॅरोलायनात त्याला एक तृतीयांशही मतं नव्हती, तरी पहिला आला म्हणून ५० पैकी ५० डेलिगेट (उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) घेऊन गेला. डेमोक्रॅट मात्र मतांच्या प्रमाणात वाटतात, वर तेव्हा सुपरडेलिगेटांचं, म्हणजे मतदारांनी न निवडलेल्या पक्षनेत्यांचं, लोढणं.

सिन्नरकर
नानासाहेब, तुमच्या डब्यावर अमेरिकेचं राजकारण चालत नाही. २०१६ च्या उमेदवारीच्या लढतीत मतं बघा: हिलरी १ कोटी ६८ लाख, बर्नी १ कोटी ३२ लाख. सुपरडेलिगेट बाजूला ठेवा, तरी हरतोच. आणि प्रमाणात वाटणी होती म्हणूनच तो जूनपर्यंत तगला. रिपब्लिकनांचे नियम असते तर मार्चमध्येच गाशा गुंडाळला असता.

तुमचं लाडकं मिशिगन? २०२० ला बर्नीविरुद्ध बायडनने तिथल्या सगळ्या ८३ काउंट्या (जिल्हे) घेतल्या. म्हणजे २०१६ ची मतं बर्नीवरच्या प्रेमाची नव्हती, हिलरीवरच्या रागाची होती. कृष्णवर्णीय मतदार सोबत नसेल तर डेमोक्रॅट उमेदवारी मिळत नाही, आणि हे मतदार जिथे निर्णायक त्या साउथ कॅरोलायनाने बर्नीला दोन्ही वेळा घरी पाठवलं.

सुमेधा_क्वीन्स
घरी पाठवलं की पाठवायची व्यवस्था केली? २०२० ला तिथल्या मतदानाच्या तीन दिवस आधी तिथलेच कृष्णवर्णीय खासदार क्लायबर्न बायडनमागे उभे राहिले. मग सुपर ट्यूजडेच्या, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांच्या मतदानाच्या, तोंडावर बुटिजेज आणि क्लोबुचर हे दोन उमेदवार एकदम बाहेर.

माझं दुखणं मात्र न्यूयॉर्क आहे. तिथे पक्षात नाव नोंदलेल्यालाच त्या पक्षाच्या लढतीत मत देता येतं. २०१६ च्या एप्रिलातल्या मतदानासाठी पक्ष बदलायची मुदत आधीच्या ऑक्टोबरात संपलेली! माझा भाऊ नवा नागरिक, कुठल्याच पक्षाचा नाही, बर्नीसाठी तळमळत बसला. ट्रंपच्या दोन मुलांनाही याच नियमामुळे बापाला मत देता आलं नाही.

सिन्नरकर
प्रतिस्पर्धी माघार घेऊन दुसऱ्याला पाठिंबा देतात, याला राजकारण म्हणतात. बर्नीला मोठ्या प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणी पाठिंबा का दिला नाही, हा प्रश्न विचारा. लोकांना स्वतःचा विमा सोडायचा नाही, हे उत्तर आहे. नेवाडात २०२० ला कलिनरी युनियननेच (हॉटेल-कॅसिनो कामगारांची संघटना) सगळ्यांना एकच सरकारी विमा या त्याच्या योजनेविरुद्ध पत्रकं वाटली.

रात्रपाळी
नेवाडाचं अर्धंच सांगितलंत. नेत्यांनी पत्रकं वाटली, आणि लास वेगसच्या स्ट्रिपवर त्याच युनियनच्या कामगारांनी बर्नीला पुढे काढलं. नेवाडा त्याने दणक्यात जिंकलं.

मी नर्स आहे. छातीत दुखत असताना "अँब्युलन्स नको, बिल येईल, उबर करून येते" म्हणणारी बाई मी पाहिली आहे. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा विमाही गेला, व्हिसाचं घड्याळ वेगळं चालू. "स्वतःचा विमा" म्हणे! तो मालकाचा असतो हो.

मिसिसागाकर
ताई, कॅनडात या. बिल शून्य. गुडघ्याच्या एमआरआयसाठी इतका थांबलो की दुखायचं थांबलं. फुकट म्हणजे रांग.

रात्रपाळी
रांगेत उभं राहिलात, कर्जात नाही. दुखायचं थांबलं याबद्दल अभिनंदन.

सोलापुरी_चादर
तुम्ही सगळे गुडघ्यावर आलात! माझ्या आत्याला इथल्या सरकारी रुग्णालयात खाट मिळाली नाही, खाजगीत नेलं, शेताचा तुकडा विकला. त्यामुळे "सरकारने केलं की होतं" हे परदेशात बसून शिकवू नका.

रात्रपाळी
शेत खाजगीच्या बिलासाठी विकलंत ना? मग मी वेगळं काय म्हणतेय?

सोलापुरी_चादर
आत्याच्या शेतावर शब्दांचा खेळ नको. डोकं फिरवू नका.

डेट्रॉइटचा_नाना
अहो, विषय बर्नीचा होता.

मिसिसागाकर
विषय हाच आहे, नाना. तुमचा बर्नी उभा राहिला की निवडणूक याच भांडणावर होणार. आम्ही मराठीतच एकमत करू शकत नाही, ओहायोचं काय घेऊन बसलात.

सिन्नरकर
नेवाडाच्या कामगारांबद्दल ताईंचं बरोबर, घ्या. एक राज्य दिलं. पण उमेदवारीसाठी एवढ्याने भागत नाही.

सुमेधा_क्वीन्स
मोठे उदार! आमच्या न्यूयॉर्कात २०२५ ला महापौरपदासाठी डाव्या ममदानीने माजी गव्हर्नर कुओमोला आधी पक्षात आणि मग नोव्हेंबरात, असं दोनदा हरवलं. तेव्हाही "अशक्य" म्हणणारे तुमच्यासारखेच होते.

सिन्नरकर
महापौर झाला, ठीक. जन्म कंपालाचा, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाला उभाच राहू शकत नाही. आणि न्यूयॉर्क शहर म्हणजे पेनसिल्व्हेनिया नाही. साउथ कॅरोलायना जिंकेल असा एक डावा सांगा, नावानिशी.

डेट्रॉइटचा_नाना
कृष्णवर्णीय नेता जेसी जॅक्सन. १९८८ ची उमेदवारीची लढत.

सिन्नरकर
जन्मच तिथला हो त्याचा! आणि उमेदवारी कोणाला मिळाली? डुकाकिसला.

रात्रपाळी
सोलापूरकर, आत्याबद्दल वाईट वाटलं, ते राहिलं होतं. मुद्दा सोडलेला नाही.