सिमरोलच्या मक्यात डुकरांचा कळप : बंदूकवाल्याला बोलवावे का?

प्रश्न : बारा बिघे, इंदूर
सप्रेम नमस्कार. आम्ही राहतो इंदुरात, परंतु सिमरोलच्या पुढे चोरलच्या जंगलालगत आमची वडिलोपार्जित बारा बिघे जमीन आहे आणि ती बटाईने दिलेली आहे. यंदा सोयाबीनच्या शेजारी तीन बिघे मका लावला. कणसांत दूध भरू लागले आणि डुकरे येऊ लागली. ती खातात त्याहून अधिक आडवे पाडतात. बटाईदाराचे म्हणणे असे की, विजेच्या तारेवर आकडा टाकून बांधावर उघडी तार ओढावी, नाहीतर शेजारच्या गावातल्या बंदूकवाल्याला बोलवावे. पणजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला सांगितली जाते (आणि दरवर्षी त्यातले डुक्कर वीतभर वाढते), त्यामुळे दुसरा उपाय मला फारसा वावगा वाटला नाही. तो कायद्यात बसतो का?

उत्तर : निवृत्त तहसीलवाले
बंदूक कोणाची, हे नंतर पाहू. आधी डुक्कर कोणाचे ते ठरवा. गावात मोकळी सोडलेली डुकरे असतील, तर त्यांना मालक असतो. 1871च्या गुरे-अतिक्रमण कायद्यात ‘गुरे’ या शब्दात डुकरेही येतात, म्हणजे ती कांजीहाउसात (कोंडवाड्यात) घालता येतात. डुकरांनी पिकाचे नुकसान केल्यास मालकाला दंड करण्याचे वेगळे कलमही त्यात आहे. मूळ कायद्यात तो दंड जास्तीत जास्त 10 रुपये आहे, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नका. पण दुसऱ्याचे डुक्कर गोळी घालून मारलेत, तर भरपाई तुम्हालाच द्यावी लागेल.

रानडुक्कर असेल, तर 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. 2022च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि विनापरवाना शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. फासा लावणे, सापळ्यात धरणे, हुसकावत नेणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. मात्र उभ्या पिकाला धोका असल्यास मुख्य वन्यजीव अभिरक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कलम 11 खाली लेखी परवानगी देऊ शकतो. अशा परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता ठरते, त्यामुळे मेजवानीच्या बेतावर कोणी येत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. बिहारमध्ये 2015च्या अखेरीस आणि उत्तराखंडात 2016मध्ये केंद्राने ठरावीक मुदतीसाठी रानडुकराला ‘उपद्रवी’, म्हणजे शिकारीच्या बंदीतून वगळलेले, घोषित केले होते. त्या बातम्या वाचून आपल्याकडेही मोकळीक आहे असे बरेच जण धरून चालतात. तशी मोकळीक नाही.

आकड्याचा विचार मात्र मनातूनही काढून टाका. ती वीजचोरी तर आहेच, शिवाय 2023मध्ये महूच्या बाजूला वाघ फिरत होता आणि बिबटे तिकडे नेहमीचेच आहेत. त्या तारेला असे जनावर लागले, तर किमान तीन वर्षांची कैद आहे. माणूस लागला, तर पुढचे सांगायला नको.

उत्तर : पशुवैद्य, सध्या वडोदरा
ओळखण्यासाठी रात्री जागण्याची गरज नाही. रानडुकराच्या पाठीवर राठ आयाळ असते, मुस्कट लांब असते, शेपूट सरळ लोंबते. गावडुकराचे शेपूट बहुधा वळलेले असते आणि अंगावर पांढरे किंवा तांबूस ठिपके दिसतात. लहान पिलांच्या अंगावर लांब पट्टे असणे ही रानाची खूण आहे. तरीही एकाच खुणेवर विसंबू नये, कारण दोन्ही मूळ एकाच जातीची असून जंगलालगतच्या गावांत त्यांचा संकर होतो. शेतात मेलेले डुक्कर आढळले, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. 2022मध्ये रीव्यात आफ्रिकन स्वाइन फीव्हरने हजारांवर डुकरे मेली होती. हा रोग माणसाला होत नाही, पण चपलांवरून आणि वाहनांवरून पसरतो.

उत्तर : राजवाडा ते ह्यूस्टन
माझा भाचा टेक्सासमध्ये आहे. तिथली डुकरे मूळची पाळीव, स्पॅनिश लोकांनी आणलेली आणि पुढे रानात सुटलेली, म्हणून त्यांना कायद्याचे संरक्षण नाही. 2011पासून हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायलाही परवानगी आहे. तरी ती संपत नाहीत. गर्भकाळ पावणेचार महिन्यांचा, एका वेळी पाच-सहा पिले, म्हणून संख्या नुसती आहे तिथे रोखायची तर दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरे काढावी लागतात, असा तिथला हिशेब आहे. मिझुरी राज्याने तर 2016मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर डुकरांची हौशी शिकार बंद केली. दोन पडतात आणि उरलेला कळप फुटून चार शेतांत पसरतो, त्यापेक्षा अख्खा कळप एकाच मोठ्या कुंपण-सापळ्यात धरणे बरे, असे त्यांना दिसले. तुमचा बंदूकवाला एका रात्रीत किती मारणार?

पुन्हा : बारा बिघे, इंदूर
सर्वांचा आभारी आहे. रविवारी शेतावर जाऊन आलो. ओढ्याकाठच्या चिखलात माग सापडले आणि बटाईदाराच्या मुलाने पट्टेरी पिले पाहिल्याचे सांगितले, म्हणजे डुकरे रानाची आहेत असे धरतो. पटवारी (तलाठी) पंचनाम्याला मंगळवारी येणार आहेत; राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 (महसूल खात्याचे भरपाईचे नियम) याखाली भरपाईचा अर्ज आणि वनविभागाकडे परवानगीचा अर्ज, असे दोन्ही करणार आहे. पुढच्या हंगामात जंगलाकडच्या बाजूला मका न लावता सौर कुंपण (सौरऊर्जेवर सौम्य झटका देणाऱ्या तारांचे) घालीन आणि आतून एरंडाच्या चार ओळी लावीन. खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी, आणि तिला गवत टेकू द्यायचे नाही, हे दुकानदाराने बजावले आहे. ते गवत कोण काढणार यावर बटाईदाराशी अजून बोलणे चालू आहे. आकड्यासाठी आणलेल्या तारेचे वेटोळे मी गाडीत टाकून इंदूरला घेऊन आलो.