वॉर्ड हंटच्या नावाने वकिलांना झोडपणं बंद करा

सागरवेध:
कालच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय की जॉर्ज वॉर्ड हंट नावाचा वकील १८७४ मध्ये ब्रिटिश नौदलाचा मंत्री झाला आणि तीन वर्षांत त्याने खात्याची वाट लावली, म्हणून खातं त्यातल्याच माणसाला द्यावं. वाचून राहवलं नाही. हा १८५१ चा बॅरिस्टर, १८५७ पासून खासदार, १८६८ मध्ये अर्थमंत्री. पंतप्रधान डिझरायलीचं सरकार बचतीच्या मागे असताना याने संसदेत, कॉमन्समध्ये सांगितलं की कागदावरचं आरमार मी चालवून घेणार नाही. स्वपक्षाला असं सुनवायला छाती लागते. सप्टेंबर १८७५ मध्ये आयर्लंडजवळ धुक्यात 'आयर्न ड्यूक' या युद्धनौकेने आपल्याच ताफ्यातल्या 'व्हॅनगार्ड'ला धडक देऊन बुडवलं, तेव्हा सुकाणू काय मंत्र्याच्या हातात होतं? व्हॅनगार्डचा कॅप्टन डॉकिन्स तर अस्सल दर्यावर्दी होता ना?

जुना फिटर:
व्हॅनगार्डवरची माणसं वाचली. 'थंडरर' युद्धनौकेचं बोला. १४ जुलै १८७६, पोर्ट्स्मथजवळ बॉयलर फुटला, ४५ जण गेले. वाफेचा स्टॉप व्हॉल्व्ह बंद, सेफ्टी व्हॉल्व्ह जाम, प्रेशर गेज बिघडलेलं. आत वाफ कोंडतेय आणि बाहेर कुणाला पत्ता नाही. मी गोदीत बॉयलरवर हयात घालवली आहे. एकदा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय पेटवणार नाही म्हटलं, तर एलएलबी झालेल्या साहेबाने रजिस्टर पुढे केलं, सही झालीय म्हणे. आम्ही अडून बसलो. उघडून पाहिलं तर व्हॉल्व्ह हलतच नव्हता.

सागरवेध:
काका, तुमच्या साहेबाचा राग हंटवर कशाला काढता? गेज मंत्र्याने तपासायचं का?

जुना फिटर:
तपासणारे नीट काम करतात की नाही ते बघायचं! मंत्रिपद त्यासाठीच असतं.

गोदाकाठ:
बॉयलरवर भांडताय, खरा डाग वेगळाच आहे. ३१ जुलै १८७५ चं ॲडमिरल्टीचं, म्हणजे हंटच्याच नौदल खात्याचं परिपत्रक. पळून आलेल्या गुलामाला, जिवावर बेतलं नसेल तर, जहाजावर घेऊ नका. खुल्या समुद्रात घेतलात तरी तो जिथून पळाला तिथल्या हद्दीत परतल्यावर ठेवू नका. मी शरणपूर रोडवर वाढलो, म्हणून हे जास्त लागतं. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये येत. जेकब वेनराइट त्यांतलाच. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीबरोबर तो लंडनला गेला, १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या खांदेकऱ्यांत होता. आणि पुढच्याच वर्षी हे फर्मान!

मीरा_त:
मिशनचं कौतुक पुरे. नावं बदलली, धर्म बदलला. याला सुटका म्हणायची?

गोदाकाठ:
गुलामांच्या बाजारात उभं राहण्यापेक्षा शरणपूरला सुतारकाम, लोहारकाम शिकणं बरं की वाईट, तेवढं सांगा.

मीरा_त:
माझी पणजी अशाच एका बोर्डिंगमध्ये वाढली. आईने ठेवलेलं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. तुम्ही मला सुतारकाम सांगताय?

गोदाकाठ:
पणजीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण तेवढ्यावरून शरणपूरचं सगळं मातीमोल ठरवू देणार नाही. ती मुलं जिवंत राहिली.

मीरा_त:
जिवंत राहिली म्हणून बाकीचं विचारायचंच नाही का?

सागरवेध:
धागा हंटवर आहे हो. परिपत्रकामागे परराष्ट्र खातं होतं. देशभर ओरड झाली, ते मागे घेतलं, १८७६ मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग बसला.

गोदाकाठ:
निघालं कुणाच्या खात्यातून? बॅरिस्टर होता ना? कायद्याचा कागद होता, तिथेच अडवायचा.

सागरवेध:
बरं, एवढं मान्य. हे त्याने अडवायला हवं होतं. पण यातून वकील नको असं निघत नाही. त्याने वकिली नीट केली नाही, इतकंच निघतं.

जुना फिटर:
आणि थंडररची ४५ माणसं? तुमचा हंट १८७७ मध्ये मरेपर्यंत मंत्रीच होता. डॉकिन्सला मात्र कोर्ट मार्शल करून काढलं, पुन्हा जहाज दिलं नाही. याचं उत्तर द्या, मग वकिलांची बाजू मांडा.